चूल बंद असायची ते दिवस

आई, आज मी नानांना पेज भरवत होते. खिडकीतलं ऊन त्यांच्या डोळ्यांवर आलं, म्हणून पडदा ओढायला मी हात वर केला, तर त्यांनी मान खांद्यात घेतली आणि डावा हात तोंडासमोर धरला. पेज उशीवर सांडली. मी अभ्रा बदलला, पुन्हा चमचा भरला. त्यांना पंचवटीतल्या माझ्या दोन खोल्यांत आणून वर्ष होऊन गेलं. उजव्या हाताने त्यांना अजून घास नीट उचलता येत नाही. मनगट वाकडंच राहिलं. तुझ्यापर्यंत हे पोचणार नाही हे कळतं, म्हणूनच लिहिता येतंय.

मला आधी तो दारूचा गुत्ता आठवतो, गावाच्या कडेचा. दसरा तोंडावर होता आणि तुम्ही बायका त्याच्या दारात जाऊन बसलात. बाजाराला हार तर द्यायचेच होते, म्हणून झेंडूच्या पाट्या तिथेच आणलेल्या. गुत्तेवाल्याच्या माणसांनी पाट्या लाथाडल्या, अंगावर खरकटं पाणी टाकलं. तरण्या सुना पिंपं फोडायला निघाल्या, तर तू त्यांना हाताला धरून खाली बसवलंस. तुडवलेली फुलं वेचून तुम्ही पुन्हा सुईने ओवायला लागलात. प्यायला येणाऱ्याला आपल्याच आईला, वहिनीला ओलांडून आत जावं लागायचं. गुत्ता बंद झाला. नाना मग शेजारच्या गावी जाऊन प्यायला लागले आणि चालत परत येईपर्यंत त्यांचा राग आणखी चढलेला असायचा.

गुत्त्यावरचं ते बसणं तू घरात आणलंस. नानांचा मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी तू चूल पेटवायची नाहीस. उंबऱ्यावर बसायचीस, सुजलेल्या गालावर पदर न घेता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. आम्हा पोरांना शेजारची काकू भाकरी द्यायची. नानांना मात्र गल्लीत कुणी तुकडा द्यायचा नाही, हे बायकांचं ठरलेलं. पारावरची माणसं त्यांना विचारायची, "काय नाना, आज कुठली चतुर्थी?" काही दिवस ते हात उचलायचे नाहीत. मग पुन्हा तेच. मी शाळेतून कॉलेजात गेले तरी तेच. तुझं ते बसणं बघून मला त्यांच्यापेक्षा तुझाच राग यायचा.

त्या संध्याकाळी मी कॉलेजातून आले तेव्हा तुझे केस त्यांच्या मुठीत होते आणि तू चुलीपुढे गुडघ्यांवर होतीस. मी फुंकणी उचलली आणि त्यांच्या मनगटावर घातली. लोखंडाची फुंकणी. हाड मोडल्याचा आवाज तिघांनाही ऐकू आला. नाना भिंतीला टेकून खाली बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. तू आधी त्यांच्याकडे गेलीस. लुगडं फाडून हात बांधलास, दवाखान्यात नेलंस, विहिरीवर पाय घसरला म्हणून सांगितलंस.

सकाळी चूल बंद होती आणि तू उंबऱ्यावर. मी तुझ्या शेजारी येऊन बसले. वाटलं, आज आपण दोघी.

तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू नको बसू हितं. आज मी तुझ्यापायी बसलीये."

"माझ्यापायी? केस तर त्यांनी धरले होते."

"मागल्या खेपेला तो तिथं भिंतीपाशी बसून म्हनला, चुकलं माझं. पयल्यांदा म्हनला. लय वरसं लागली मला तेवढं ऐकायला. आता तो तुला भिईल. माझ्याकडं बघायचा नाय."

"मग काय मारच खात राहणार होतीस?"

तू हातातला हार ओवत राहिलीस. दुपारी काकूकडून भाकरी आली, ती तू कुस्करून नानांना भरवलीस. मला त्या दिवशी काकूनेही हाक मारली नाही.

त्यानंतर नानांनी तुझ्यावर हात उचलला नाही. तू होतीस तोवर तुझ्या अंगावर पुन्हा वळ दिसला नाही. हे मला तुला सांगायचंच होतं, आणि सांगायला मी बरीच वर्षं घेतली. पण ते 'चुकलं' हा शब्दही पुन्हा बोलले नाहीत. मी सुट्टीला आले की ते ताट घेऊन ओसरीवर जायचे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तुझे शेवटचे श्वास चालले होते, तेव्हा ते खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मला वाटलं, आता तरी तुला काही म्हणतील. ते तुझ्याकडे बघत नव्हते. माझे हात कुठे आहेत ते बघत होते.

मी त्यांची आबाळ करत नाही. आंघोळ, औषधं, मऊ भात, सगळं वेळेवर असतं. बाजूच्या बाई म्हणतात, लेक असावी तर अशी. नाना ऐकून मान डोलावतात.

फक्त एवढंच, की त्या पडद्याला दोरी आहे. ती पार खाटेपर्यंत लोंबते. हात वर करायची गरज नसते. तरी कधी कधी मी तो वरच नेते.