बिनवासाचं तेल

प्रिय खारूताई,

या नावाने हाक मारली म्हणून डोळे मोठे करू नकोस. मोठी डॉक्टरीणबाई झालीस, पाच केंद्रांवरची माणसं तुझ्या शब्दावर हलतात, तरी माझ्या लेखी तू फ्रॉकच्या खिशात बिया कोंबून आणणारी पोरच आहेस. फोनवर आपण हवापाणी, माझ्या गोळ्या आणि तुझ्या गाडीची कुरकुर एवढंच बोलतो, म्हणून हे कागदावर लिहितोय. येत्या सोमवारी तू तुझ्या तेलाच्या अभ्यासाचा बंद लखोटा उघडणार आहेस, हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते पुढे येईलच. विनंती एकच, लखोटा उघडण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आमच्या कारखान्याच्या गोदामात सूर्यफुलाच्या बियांचा डोंगर असायचा आणि तू त्यावरून घसरगुंडी करायचीस. घरी आलीस की आई दारातच तुझे खिसे उलटे करायची. एकदा एक बी तिच्या नजरेतून सुटलं आणि ओल्या कोटाच्या खिशात त्याला मोड आला. आई कोट धुवायला घेऊन बसली होती, ती तो मोड बघत तशीच बसून राहिली. मला मात्र त्याचं नवल आधीच वाटून गेलं होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी आमच्या प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या साहेबांनी एक बी कागदावर नखाने चिरडून मला डाग दाखवला होता. म्हणाले, हे तेल आपल्यासाठी नाही रे बाबा, ही रोपट्याची शिदोरी आहे, मातीखालून उजेडात येईपर्यंत त्याला एवढ्यावरच निभवायचं असतं. बावीस वर्षांचा होतो मी. अंगावर काटा आला होता.

मग बत्तीस वर्षं त्याच तेलातून वास काढायच्या कामात गेली. वास काढायचं काम यंत्रं करायची, खरं म्हणजे. निर्वात टाकीत वाफ सोडून तेलातून सगळा रंगगंध पळवला, की ते आमच्या सहा जणांच्या पांढऱ्या खोलीत यायचं. उरलासुरला रंग दिसू नये म्हणून निळ्या काचेचे पेले, त्यावर झाकण, तेल कोमट केलेलं. झाकण किंचित उचलायचं, एक श्वास घ्यायचा, थेंबभर जिभेवर फिरवून थुंकायचं आणि तक्त्यात लिहायचं. उत्तम तेल म्हणजे ज्यात काहीच लागत नाही ते. कामाच्या दिवशी ना कांदा खायचा, ना वासाचा साबण लावायचा. सगळे मला नाकोबा म्हणायचे. तुझी आई लोकांना सांगायची, आमचे हे दिवसभर दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसतात आणि वर पगार घेतात! खोटं कशाला सांगू, मला त्या नाकाचा गर्व होता. ज्या टाकीत आदल्या दिवशी सोयाबीन होतं, तिच्यातलं सूर्यफूल मी पाच पेल्यांतून वेगळं काढायचो.

आई गेली त्या आठवड्यातली ती दुपार तू विसरली नसशील. मीही विसरलेलो नाही. तिचं हृदय असं भाजी चिरता चिरता थांबलं आणि तुला कुणावर तरी रागवायचं होतं. तू ओट्याखालचा तेलाचा डबा काढून आख्खा सिंकमध्ये ओतलास आणि म्हणालीस, बाबा, तुम्ही बत्तीस वर्षं याचा वास काढत बसलात, वास राहिला असता तर आम्हाला निदान कळलं असतं आम्ही काय खातोय. पुढे तीन महिने ते सिंक तुंबत होतं. प्लंबर दर वेळी विचारायचा, इथे नक्की काय ओतलंत हो? मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. घरातलं सगळं तेल मीच कारखान्यातून सवलतीत आणायचो. तिनं तेच खाल्लं, मीही तेच खाल्लं. ती गेली आणि मी ठणठणीत राहिलो, हे मला आजही सहन होत नाही.

पाच वर्षांपूर्वीची ती गोष्ट. मग एके दिवशी दवाखान्याच्या फळ्यावर तुझ्या अभ्यासाचं पत्रक दिसलं. घरच्या स्वयंपाकाला दोन वर्षं फक्त केंद्राने दिलेलं तेल वापरायचं. काहींना सूर्यफुलाच्या बियांचं, काहींना दुसरं, ज्यात लिनोलेइक नावाचं स्निग्धाम्ल, म्हणजे बियांच्या तेलातला मुख्य घटक, नावापुरताच असतो. कुणाला कोणतं, हे ना खाणाऱ्याला कळणार, ना देणाऱ्याला, ना तुला. खाली तुझं नाव वाचलं आणि मी तिथेच ठरवलं. तुझ्या केंद्रापासून दोन तासांवरच्या केंद्रात जाऊन अर्ज भरला. संशोधकांपैकी कुणी नात्यातलं आहे का, असा प्रश्न होता. ‘नाही’वर खूण केली. आधीचा व्यवसाय काय, तर लिहिलं, निवृत्त. हे माझं पहिलं लबाडीचं काम. मला वाटलं, बघू तरी, या तेलानं माणसाचं नेमकं काय होतं ते माझ्याच अंगावर बघू.

पहिल्याच भेटीत सिस्टरने पोटाच्या बाजूची जागा सुन्न करून सुईने एवढासा चरबीचा कण काढला. पिवळा, मोहरीएवढा. मी सवयीने नाक पुढे केलं, तर तिनं कुपी मागे ओढली आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस. मग तिथल्या डॉक्टरने समजावलं, की हे स्निग्धाम्ल आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही. जे काही आहे ते सगळं ताटातून आलेलं आहे, आणि अंगातलं निम्मं बदलायलासुद्धा जवळजवळ दोन वर्षं लागतात. या कणात तुम्ही मागच्या काही वर्षांत काय खाल्लंत ते आम्हाला वाचता येतं, म्हणाला. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. रोपट्याची शिदोरी माझ्या पोटाशी साठलेली, पेशींच्या भिंतींत बसलेली, बहुधा मेंदूतही पोचलेली. जन्मभर मी तेलाच्या बाहेर उभा राहून त्याचा वास घेत होतो आणि ते केव्हाच आत येऊन राहिलं होतं. खरं सांगतो, कुठल्याही देवळात मला इतकं लहान वाटलं नव्हतं. रागही आला नाही, भीतीही वाटली नाही. नुसता थक्क झालो.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी केंद्राने दिलेला पांढरा डबा उघडला. त्यावर फक्त आकडे. कढईत चमचाभर तेल घातलं, गॅस बारीक केला. बाकी कुणालाही त्यात काही लागलं नसतं. पण तेल कोमट झालं आणि अर्धा क्षण नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीसारखा वास आला, आला आणि गेला. सूर्यफूल. मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसलो. तुझी एवढी मोठी व्यवस्था, कुलपं, लखोटे, सांकेतिक आकडे, आणि एका निवृत्त नाकानं ती पहिल्याच दिवशी उघडी पाडली! तेव्हा मला हसू आलं, हेही कबूल करतो. दर तीन महिन्यांनी अर्जात प्रश्न यायचा, तुम्हाला कोणतं तेल मिळतंय याचा काही अंदाज आहे का? मी आठ वेळा लिहिलं, माहीत नाही.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. आपल्याला सूर्यफूलच मिळालंय हे कळल्यावर माझ्या डोक्यात वारं शिरलं. माझं तेल हरता कामा नये. मी पहाटे उठून पुलापर्यंत चालायला लागलो, जाऊन येऊन सहा किलोमीटर. चहातली साखर सोडली. बिस्किटं, बेकरीतले खुसखुशीत पदार्थ, पाकिटातलं तळलेलं सगळं बंद. सात किलो वजन उतरलं. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, काका, पँट आता पट्ट्यावर नाही, भरवशावर टिकून आहे. रक्ताचे आकडे असे झाले की सिस्टर इतरांना माझं उदाहरण द्यायची. मी मान खाली घालून लाजल्यासारखं करायचो आणि मनात तुझ्याशी भांडत असायचो. म्हणायचो, बघ, बघ आता. मी तुझ्या आईचं तेल जिंकवत होतो गं. ते जिंकलं, की तिच्या जाण्यात माझा हात नव्हता असं ठरणार होतं.

मागच्या महिन्यात केंद्राने आम्हा सगळ्यांना आभाराच्या कार्यक्रमाला बोलावलं. सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर मोठा पडदा आणि पडद्यावर तू. तुला आम्ही दिसत नव्हतो. कानशिलापाशी केस पांढरे झालेत तुझे. बोलताना चष्मा कपाळावर सरकवतेस, अगदी आईसारखी. कुणाला कोणतं तेल दिलं ते सांगणारा लखोटा कोणत्या सोमवारी उघडणार, ते तू सांगितलंस. मग म्हणालीस, की अभ्यास सुरू होण्याआधीच तू लिहून जाहीर केलं होतंस, कोणते आकडे आले तर ‘बियांचं तेल घातक’ हा तुझाच अंदाज चुकला असं मानायचं. मी सावरून बसलो. स्वतःचा पराभव कसा ओळखायचा हे खेळाच्या आधी लिहून ठेवणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग माझ्या पुढच्या रांगेतल्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हरबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मॅडम, मुलगा रोज व्हिडिओ पाठवतो, एकात म्हणतात विष, दुसऱ्यात म्हणतात हृदयाला चांगलं, तुम्ही एकदा खरं काय ते सांगून टाका. तू म्हणालीस, मला माहीत नाही, म्हणून तर तुम्हाला दोन वर्षं त्रास दिला. आणि थोडं थांबून म्हणालीस, की एकदा नुसत्या अंदाजाच्या जोरावर मी माझ्या माणसाला नको ते बोलले, आणि उद्या उत्तर आलं तरी ते तीनशे जणांबद्दल असेल, माझ्या आईबद्दल कधीच नसेल.

ड्रायव्हरबाई हळूच खाली बसल्या. मी शेजाऱ्याकडे पाणी मागितलं. तुझं ‘माहीत नाही’ तीनशे माणसांसमोर उभं होतं आणि माझी आठही ‘माहीत नाही’ तुझ्याच कपाटात खोटी पडून होती. मी तुझा बाप, तुला बोट धरून चालवणारा, आणि त्या पडद्याकडे मान वर करून बघत होतो. परतताना बसमध्ये माझा थांबा कधी मागे पडला ते कळलंच नाही.

म्हणून हे पत्र, बाळ. सोमवारी तू जो लखोटा उघडशील, त्यात एक सडका दाणा आहे. सूर्यफुलाच्या बाजूचा जो माणूस सगळ्यांत जास्त सुधारलेला दिसेल, तो तेलानं सुधारलेला नाही. तो तुझ्याशी भांडायला रोज सहा किलोमीटर चालत होता. उद्या सकाळी मी केंद्रावर जाऊन हे सगळं लेखी देणार आहे, नातं लपवल्याचंसुद्धा. तुला यातून त्रास होईल, वर विचारणा होईल, माझ्यामुळे तुझी दोन वर्षांची मेहनत एका माणसाने कमी होईल, त्याची लाज वाटते. आईचं काय झालं हे मला आता कळणार नाही. ते माहीत नाही असं मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तर पाच वर्षांत पहिल्यांदा मला नीट झोप लागली. माझा क्रमांक दोनशे चौदा. आधी तो खोड आणि मग माझ्यावर हवी तेवढी रागव. पण फोनवर नको, रागवायला घरी ये.

तुझाच,
बाबा