तिसरी गोचीड

सोमवार, ४ मार्च

आधी तक्रार लिहून ठेवते, मग बाकीचं. मला गाडीतळावर घ्यायला कोणी आलं नाही. लेकाची कंबर धरलेली, म्हणून सुनेला विचारलं, तर ती नाही म्हणाली. कारण नाही, सबब नाही, नुसतं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई अशीच. पाणी हवं का विचारलं तरी आधी नाही म्हणते आणि मग दोन पेले पिते. बोचकं, पिशवी आणि दोन्ही गुडघे एवढं ओझं घेऊन मी एकटी जिना चढले.

असो. वहीबाई, नमस्कार. नातीनं तुला माझ्या हातात दिलंय. रोज लिहिलं की डोकं गंजत नाही, असं तिच्या शाळेतल्या बाई म्हणतात म्हणे. मी चौथीच्या पुढे गेले नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

घर झकास आहे. मला खिडकीची खोली दिलीय, खाली दवाखाना आणि चपलांचं दुकान दिसतं, दिवसभर फुकटची करमणूक. न्हाणीत गरम पाणी भसाभस येतं. नात एका जागी बसत नाही, तिला मी भिंगरी म्हणते. लेक मात्र सुटलाय. रजा टाकून दिवसभर सोफ्यावर आडवा, आणि खाताना मचमच आवाज करतो. मी असं वळण लावलं नव्हतं. सोफ्याच्या पाठीवर, त्याचं डोकं टेकतं तिथे, तेलाचा हा एवढा डाग. बघूनच मला अंघोळ करावीशी वाटली.

समोर नवा टीव्ही, दारापेक्षा रुंद. टोपलीत पाच रिमोट, त्यांच्या बटणांच्या फटीत बिस्किटाचा चुरा, आणि एकाला केस चिकटलेला. शी.

बुधवार, ६ मार्च

टीव्हीचा मेकॅनिक येऊन गेला. चुणचुणीत माणूस, पण नखं काळी. पाच रिमोटांचा एकच करून देतो म्हणाला. टीव्हीच्या पाठीतून एक वायर निघते, तिला पुढे तीन फांद्या, प्रत्येकीच्या टोकाला काळं, चपटं, गोल काहीतरी. तो त्याला डोळा म्हणतो. मला विचाराल तर ती गोचीड आहे, रक्त पिऊन टम्म झालेली, शेपटीला वायर. यंत्राच्या तोंडासमोर ती डिंकानं चिकटवायची. मग आपण टीव्हीला सांगायचं आणि टीव्ही गोचिडीतून यंत्राला सांगणार. मी म्हटलं, म्हणजे आमच्या घरासारखंच झालं, मी लेकाला सांगते, लेक बायकोला सांगतो, फक्त इथलं यंत्र नाही म्हणत नाही. तो खूप हसला. सून आत होती, ती हसली नाही.

त्या गोचिडीतून किरण निघतात पण डोळ्यांना दिसत नाहीत म्हणाला. खोटं वाटत असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. बघितलं. खरंच, जांभळा ठिपका लुकलुकत होता. मोबाइल बाजूला केला की काही नाही.

एक गोचीड चॅनलच्या डब्याला लावली, एक गाण्याच्या पेटीला. तिसरी जुन्या सीडीच्या मशिनसाठी, पण ते मशीन कधीच बिघडून माळ्यावर गेलंय. ती लोंबकळत ठेवू नका, डब्यात भरून ठेवा, असं सांगून तो दुसऱ्या कामाला पळाला. जाता जाता एक बजावलं. टीव्ही मधूनच प्रश्न विचारतो, तेव्हा नीट बघूनच उत्तर द्यायचं. उगाच हो म्हटलं तर समोर जे असेल ते आपलंच समजून बसतो.

भिंगरीनं माझ्यासाठी टीव्हीवरची अक्षरं मराठी आणि मोठी करून दिली. गुणाची पोर.

गुरुवार, ७ मार्च

तिसरी गोचीड सकाळपासून पायात येत होती. वायर ताणून सोफ्याच्या पाठीवर चिकटवून टाकली. त्या तेलाच्या डागावरच, म्हणजे डाग तरी झाकला जाईल. हात ओले होते, शेंगा सोलत होते. डिंक अंगठ्याला लागला तो साबणानं निघेना, राखेनं निघेना. नाक शिंकरून वाळल्यासारखा लागतो हाताला.

लेक तिथेच तोंड उघडं टाकून घोरत होता. एवढ्यात टीव्ही आपोआप उजळला. नवीन उपकरण सापडलं म्हणे. आवाज कमी झाला का? खाली हो आणि नाही. माझं अर्धं लक्ष शेंगांत. हो दाबलं. थांबलं का? हो. पुन्हा सुरू झालं का? हो बाबा हो. कोणी बरं आहे ना विचारलं की आपण गुडघे दुखत असले तरी हो म्हणतो ना, तसंच. टीव्ही म्हणाला, उपकरण तीन जोडलं.

मग घर एकदम शांत वाटलं. लेकाचं घोरणं बंद झालं होतं. म्हटलं, सुटलो.

शनिवार, ९ मार्च

गंमत लिहून ठेवते. सकाळी लेक फोनवर कोणाला तरी झापत होता. मालिकेतलं ऐकू येईना म्हणून मी आवाज वाढवायला गेले आणि चुकून कमी केला. लेकाचा आवाज कमी झाला. तोंड तेवढंच मोठं उघडत होतं, मानेच्या शिरा तेवढ्याच फुगलेल्या, पण आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. सून म्हणाली, नशीब, नवरा आज पहिल्यांदा माणसासारखा बोलला.

दुपारी जेवताना त्याची मचमच चालू झाली. मी गुपचूप थांबवायचं बटण दाबलं.

थांबला. घास तोंडात, ओठ अर्धे उघडे. चावलेलं अन्न हळूहळू हनुवटीवर उतरलं, मग सदऱ्यावर. डोळे उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी घाईनं पुन्हा बटण दाबलं. त्यानं हनुवटीवरचं जिभेनं चाटून घेतलं आणि जिथे सोडलं होतं तिथूनच चावायला लागला. काय झालं विचारलं तर म्हणाला, कुठे काय.

माझं जेवण गेलं ते गेलंच. गंमत म्हणून लिहायला बसले होते. गंमत नाही ही.

सोमवार, ११ मार्च

आज तो न्हाणीत असताना गोचीड उपटायला गेले. पाठीमागून गरम लागली. ओढली तर पुरती सुटेना, नुसत्या डिंकाच्या तारा निघाल्या, पिवळट, ओल्या, लांबच लांब, आणि कान कोरल्यावर येतो तसा वास. गोचिडीच्या पोटाला लेकाचे केस होते. तुटलेले नाहीत, मुळासकट. मला ओकारी आली, मोरीपर्यंत पोचले म्हणून बरं.

तो बाहेर आला तेव्हा मानेवर बघितलं. केसांच्या खाली पावलीएवढं गोल, सुजलेलं, मधोमध ओलं. दुखतं का विचारलं. नाही म्हणाला. खाजतं का? नाही. आवाज अजून बारीकच आहे. मग सोफ्यावर जाऊन मान अगदी बरोबर त्या गोचिडीवर टेकवली. आधी थोडी इकडे, थोडी तिकडे, वासरू आचळ शोधतं तशी. आणि लागल्यावर सुस्कारा टाकला.

सुनेला मानेवरच्या सुजेचं सांगितलं. आणखी काय सांगणार, रिमोटनं तुझा नवरा चालतो म्हणून? ती म्हणाली नाही, गळू असेल, मलम लावू. लावलं. रात्री बघितलं तर मलम जसंच्या तसं, फक्त त्यात मधोमध भोक.

मंगळवार, १२ मार्च

सून कामावर गेली, भिंगरी शाळेत. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरला.

मानेत जांभळं लुकलुकतंय. आतून. तो जांभई द्यायला लागला तर घशातही. नाकपुड्यांतही. पुन्हा नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर माझा साधा लेक, दाढी वाढलेला.

टीव्हीचा प्लग भिंतीतून उपसून काढला. वाटलं, घ्या, मिटलं.

त्याचा श्वास थांबला. छाती वर जाऊन तिथेच राहिली. ओठ निळे पडायला लागले, तोंडाच्या कोपऱ्यातून ती पिवळी तार. मी प्लग परत घालायला गेले तर घाईत भोकच सापडेना. टीव्ही लागला आणि मग छाती खाली आली.

मेकॅनिकला फोन केला. एक उपकरण चुकून जोडलं गेलंय म्हटलं. कुठलं मशीन विचारलं त्यानं. म्हटलं, जुनं आहे, चाळिशीचं. तो म्हणाला प्लग काढू नका, जोडलेलं सगळंच अडकतं. यादीत जायचं, तिसऱ्यावर बोट ठेवायचं, काढा म्हणायचं. टीव्ही विचारेल, हे उपकरण अजून चालवायचं का? नाही दाबायचं. मग ते सुटतं आणि पुन्हा स्वतःच्या बटणावर चालतं. काहीच दाबलं नाही तर तो हो धरून चालतो.

एवढंच. एक नाही दाबायचं. उद्या दाबते.

बुधवार, १३ मार्च

दाबता आलं नाही.

यादीत गेले. काढा म्हटलं. टीव्हीनं विचारलं, अजून चालवायचं का? मी अंगठा नाहीवर ठेवला. तो सरकला. मी सरकवला नाही, वहीबाई. तो आपला आपण हो वर गेला आणि दाबून मोकळा.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा डाव्या हातानं उजवा मनगटात धरला, तरी तेच.

डिंक लागला होता तिथे आता गोल सूज आहे. ओली. दाबली की माझ्याच नखाखालून ती पिवळी तार येते. कॅमेरा धरला नाही. माहीत आहे काय दिसेल.

मग टीव्ही म्हणाला, नवीन उपकरण सापडलं. आवाज कमी झाला का?

माझ्या अंगठ्यानंच सांगितलं, हो.

गुरुवार, १४ मार्च

आवाज नाही मला. सुनेला वाटतं मी रुसलेय. मी तिचा हात धरून टीव्हीकडे ओढलं तर नाही म्हणाली, उशीर होतोय.

डाव्या हातानं लिहितेय. उजवा सारखा रिमोटकडे जातो—

दुपारी मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही. चहा हातात होता, भानावर आले तेव्हा त्यावर साय, सायीत माशी, आणि मी ती साय—

गिळली होती.

त्याच्या शेजारी सोफ्यावर बसले होते मी. कधी बसले? मान गरम आहे.

भिंगरी शाळेतून आली, मध्ये येऊन बसायला लागली. टीव्ही लगेच उजळला. नवीन उपकरण—

मी तिला ढकललं. जोरात. रडली. रडू दे.

शुक्रवार, १५ मार्च

भिंगरी खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे आहे. हातानं खुणा करून पाठवलंय. घरात आणू नको.

सूनबाई, हे तुला. वही दारातच उघडी ठेवते. चपला काढायच्या आधी वाच. सोफ्यावर बसू नको. प्लग काढू नको, तुझा नवरा मरेल.

यादी लावून ठेवलीय. डाव्या हातानं, नाकानं, कशीबशी. तू फक्त काढा म्हण. टीव्ही विचारेल, अजून चालवायचं का. दोनदा विचारेल. आधी तुझ्या नवऱ्याचं. मग माझं जमलं तर—

रिमोट माझ्या उजव्या हातात असेल. देणार नाही मी. बोटं मोडावी लागली तर मोड. ओलं लागेल, घाण वाटेल, रुमालानं धर. तुझ्या हाताला लागू देऊ नको—

नवरा तुझ्याशी गोड बोलेल. मीही मान डोलवीन, हो हो करीन. आमच्याकडे बघू नको. इतकी वर्षं मला ज्या शब्दानं जाळलंस तोच पाहिजे आता, तो या घरात दुसऱ्या कोणाच्या तोंडी नाही—

मान ओढतेय. टीव्ही उजळला—

त्यानं उत्तर द्यायचं नाही. मी द्यायचं नाही. पोरीनं तर नाहीच. सूनबाई, उत्तर तूच द्याय—