खोकण्याची उशी

पावस, डिसेंबर १९८४

हरिश्चंद्रांस,

हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणून तुमचं नाव लिहायला धजले.

माझा खोकला थांबत नाही म्हणजे मोडलेली बरगडी जुळली नाही, असं समजून बोटीवरच्या नोकरीतूनही तुम्ही मुंबईच्या सर्जनची वेळ घेतलीत. बरगडीवर धातूची पट्टी बसवून ते ती सांधतील म्हणता.

विहिरीच्या पायरीवरून पडले, तेव्हा रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले होते, "ऑपरेशन नको. बरगड्या आपल्या आपण जुळतात. पण दुखलं तरी खोकायचं, नाहीतर छातीत कफ साठेल." मला खोकायचा धीर होईना. लग्न झाल्यापासून माझ्याशी धड न बोललेल्या तुमच्या आईंनी रोज तिन्हीसांजेला माझ्या बरगडीवर उशी दाबून धरली. "खोक गो बाय, खोक! तू गेलीस तर लेकाला काय तोंड दाखवू?" मी कळवळून त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी हात काढला नाही.

दसऱ्याला त्या वारल्या. पुढे एकदा दिवा लावून मी खोकले आणि उशी बरगडीवर दाबली गेली. माझे दोन्ही हात जमिनीवर होते.

हाड केव्हाच जुळलंय. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. तुम्हाला कळवलं तर खोकणं थांबवावं लागेल, म्हणून कळवत नाही.

काल त्यांना मात्र सांगून पाहिलं, "आई, बरी झाले मी." उशीवरचा हात सैल पडू लागला.

मी घाईघाईने खोकले.

तुमची वाट पाहणारी,
मथुरा