ब्लाउजातला फोन

८ फेब्रु.
हळद काढायला बाया मिळेनात. हे एकटेच शेतात मरमर करून राहिले. मी घरी. छातीत ठोक्याचं मशीन बसवल्यापासून जड उचलायचं न्हाई, वाकायचं न्हाई. बसून बसून वीट आला.
दुपारी उषाचा फोन. सातवा लागला तिला. "आई, पहिलं बाळंतपण माहेरीच असते ना गं?" काय सांगू लेकराला. मनानं लगीन करून नाशिकला गेली तवापासून हे तिचं नाव काढू देत न्हाईत. फोन तिनंच धाडलेला, माझ्या भावाच्या हातून. यांना ठाऊक न्हाई. आवाज बंद, नुसती थरथर, डाव्या अंगाला ब्लाउजात. साडीला खिसा कुठं असते.

१२ फेब्रु.
भाऊ येऊन गेला. उषानं फोनला झाकणाचं कव्हर धाडलं. चट्‌कन बंद होते. ब्लाउजात बराबर बसते.

१३ फेब्रु.
जेवताना माझ्या अंगातून टीं टीं.
हे म्हणले, "तुझ्यातून आवाज येऊन राहिला."
"पाल असंल."
"पाल अशी वरडते व्हय?"
भाजी आणायच्या निमतानं उठले, फोन तांदळाच्या डब्यात कोंबला. आवाज बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी मूठच वाजाया लागली.

१६ फेब्रु.
तांदळात थरथर कळत न्हाई. उषाचे फोन येऊन गेले, मी बाहेर डाळ निवडत बसलेली. पडली-बिडली असंल का पोरगी? दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता.
पुन्हा ब्लाउजात ठेवला. वाजंल तं वाजंल. हे शेतात असतात.

१९ फेब्रु.
हे दुपारीच घरी आले. टीं टीं बराबर ऐकलं. मशीनच बिघडलं म्हणले. उद्या नांदेड, मोठ्या डॉ.कडं.

२० फेब्रु.
मशीन चांगलं हाय म्हणले डॉ. मग इचारलं, "छातीजवळ मोबाइल ठेवता का? झाकणाच्या कव्हरात चुंबक असतं. ते जवळ आलं की हे मशीन वाजतं, आणि तेवढ्यात ठोका बिघडला तर झटका देऊन सावरणार नाही. जिवावर बेतेल."
मी तोंड उघडायच्या आत हे बोलले, "हिच्याकडं मोबाइलच न्हाई, साहेब." किती भरवशानं. मी खाली पाहत बसले.
"मग शोधावं लागेल. पुन्हा वाजलं तर संभाजीनगरला पाठवतो. वेळ पडली तर मशीन बदलू."
यष्टीत हे माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. औंढा गेलं. मग हळूच, "पुन्हा कापतेत का काय तुला."
लाज वाटली. रागबी आला, कुणाचा ते कळंना.

२२ फेब्रु.
सांगून टाकलं. चहासंगं फोन पुढं ठेवला, कव्हर काढून. "उषाचा हाय. सातवा हाय तिला. मशीनला काई झालं न्हाई."
कपाला हात लावला न्हाई. "ह्याच्यापायी मेली असतीस म्हंजे?" येवढंच. गेले शेतात.

२४ फेब्रु.
अबोला. नका बोलू. मलाबी लपवालपवीचा कंटाळा आला. फोन कोनाड्यात ठेवला, आवाज चालू करून. उषाला अजून काई सांगितलं न्हाई. काय सांगावं? ये म्हणावं तं घर यांचं, नको म्हणावं तं लेक माझी.

२५ फेब्रु.
सांजच्याला हे जेवायला बसले आन्‌ फोन वाजला. केवढा आवाज त्याचा, मला ठाऊकच नव्हतं. यांचा घास हातातच राहिला. माझे हात पिठाचे. वाजून राहिला, वाजून राहिला.
"काहून उभी राहिलीस?" म्हणले, माझ्याकडं न बघता.
पदराला हात पुसले, उचलला. उषानं रोजच्यासारखं आधी तेच इचारलं, "आई, एकटीच हायस ना?"
हे ताटावरून उठले न्हाईत.
मी म्हणलं, "न्हाई."