डाव्या हाताची अक्षरं

माझ्या प्रिय बदकराणीस,

अक्षरांना हसू नकोस. ज्याने उभ्या आयुष्यात बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि उरलेल्या निम्म्यांवरच्या वाकड्या वेलांट्यांना नावं ठेवली, त्याला आज स्वतःचा एक काना सरळ काढता येत नाही. डावा हात नवशिका आहे. मी त्याच्यावर खेकसतो, तो मला जुमानत नाही. दुपारी फळीवर कागद ठेवून काय गिरवताय, असं तू विचारलंस, तेव्हा मी बोटांचा व्यायाम म्हणालो. ते अर्धंच खरं होतं.

तोंडाने सांगून पाहिलं गं. पण अर्धांगाच्या त्या झटक्यापासून माझे शब्द रमतगमत येतात, आणि तुला तेवढा दम कुठला? मी 'तू जरा' एवढं म्हणेपर्यंत तू पाण्याचा पेला घेऊन हजर. पुन्हा 'तू जरा' म्हणालो, तर उशी सरळ केलीस. तिसऱ्यांदा खिडकी लावलीस. मला म्हणायचं होतं, तू जरा घराबाहेर जाऊन ये. तोवर मी पाणी पिऊन, उशीला टेकून, बंद खिडकीकडे बघत बसलो होतो.

मग जेवण झालं की मी झोपेचं सोंग घ्यायला लागलो. वाटलं, मी घोरतोय म्हटल्यावर तू सुटशील. तर तू खुर्ची ओढून माझ्या छातीकडे बघत बसायचीस, वरखाली होतेय ना म्हणून. सोंग घेणाऱ्याला हलताही येत नाही. पाठीला रग लागायची, नाकावर माशी बसायची, आणि ती माशीही तूच उडवायचीस. माझी ताई दर बुधवारी येते ती तुला मोकळीक मिळावी म्हणून, पण नणंद आली की तू तिच्याच सरबराईला लागतेस. ताई वैतागून म्हणते, मी मदतीला येते आणि तुझी बायको मला पाहुणी करून ठेवते.

परवा बाथरूममध्ये नळ सोडून तू रडलीस. नळाचा आवाज मोठा होता, पण आपलं घर लहान आहे. तोंड पुसत, हसत बाहेर आलीस आणि चहा टाकू का म्हणून विचारलंस. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पण तेव्हापासून मला या लुळ्या उजव्या हाताची भीती वाटेनाशी झाली आहे, तुझ्याबद्दल वाटते. ओट्याशी उभ्यानेच चार घास गिळतेस. वळताना स्वतःचा दुखरा खांदा धरतेस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तू भांडत नाहीस. मी मुद्दाम म्हणालो, या भिंतीला हिरवा रंग द्यावा. हिरवी भिंत तुला डोळ्यांसमोर नको असते. तू म्हणालीस, बरं, देऊ. माझी शुश्रूषा अगदी छान चालली आहे, पण त्यात माझी बायको कुठेतरी हरवली आहे आणि मला ती परत हवी आहे.

पन्नाशीत पोहायला शिकायचं खूळ तू डोक्यात घेतलंस, तेव्हा हे बदक नाव मीच ठेवलं. तू तलावाचा काठ घट्ट धरून पाय झाडायचीस आणि मी पायऱ्यांवर बसून खिदळायचो. मग एक दिवस तू हात सोडलास, आणि मी हसायचा थांबलो, इतकी सुरेख दिसलीस. घरी येताना ओल्या केसांनी, भर रस्त्यात माझ्याशी तावातावाने वाद घालायचीस. एवढं काय आहे त्या पाण्यात, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "तिथे मला कुणी हाक मारत नाही." आता दिवसभर हाका मारणारा मीच आहे. ते वाक्य हल्ली फार आठवतं.

म्हणून हा सगळा कट. ताई त्यात सामील आहे. ठरलंय असं की बुधवारी ती दाराआडच्या खुंटीवरून तुझी पोहण्याची पिशवी काढेल, हे पत्र टॉवेलच्या घडीत ठेवेल आणि तुला पिशवीसकट घराबाहेर काढेल. म्हणजे आत्ता तू तलावावर, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली असशील. उठून घरी धावू नकोस. दाराला आतून कडी आहे, आणि ताई माझ्याइतकीच हट्टी आहे. मी जागा आहे, सोंगबिंग काही नाही. खिडकी उघडी ठेवायला सांगितली आहे. परत येशील तेव्हा केस ओले हवेत आणि हिरव्या रंगावरून कडाक्याचं भांडण हवं. तोवर डोळे पूस आणि पाण्यात उतर. मी हाक मारणार नाही.

तुझाच,
नवशिका डावखुरा पेंटर