मामंजींची काटकसर

लालबाग, मुंबई
एप्रिल १९५६

तीर्थस्वरूप रामजीदादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, कौसल्येचा, वाकून नमस्कार. राधावहिनींनाही नमस्कार, मुलांना पापे, आणि तांबू गाय अजून दूध देत असली तर तिच्या पाठीवरूनही माझ्या नावाने हात फिरव. वडील भावाला पत्रात 'आपण' लिहावं हे मला कळतं, पण 'तू'ला शाई कमी लागते. आमच्या घरात हल्ली सगळं असंच ठरतं. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची धाप? आम्ही तिघं इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पुढचं वाचून झालं की 'खुशाल' ठेवायचं की खोडायचं ते तूच ठरव.

डिसेंबर संपता संपता ह्यांच्या गिरणीत कुजबुज सुरू झाली की तिसरी पाळी बंद होणार आणि माणसं कमी करणार. ह्यांची झोप उडाली. (ह्यांची झोप उडाली की माझीही उडते, कारण हे मला हलवून विचारतात, "झोपलीस का गं?") त्याच आठवड्यात गिरगावात कुणा विद्वानाचं व्याख्यान होतं, नव्या वर्षात अनावश्यक खर्च कसा टाळावा यावर. व्याख्यान फुकट, म्हणून हे लालबागहून चालत गेले नि चालतच आले, आणि येताना वहाणेचा अंगठा तुटला. चांभाराला जे मोजलं त्यात ट्रामने जाऊन-येऊन वर भजी झाली असती. हे व्याख्यानातून दोनच शब्द घेऊन आले होते, 'आवश्यक' आणि 'अनावश्यक'. पाटावर बसून घरभर नजर फिरवू लागले तेव्हा मी आपली लुगडं सावरून बसले, न जाणो.

एक जानेवारीपासून सुरुवात झाली. चहात गूळ आला, मग गूळही गेला. आगपेटी बंद. मी शेजारी चंपाच्या शेगडीतला निखारा पळीत घालून आणायचा. (चंपा चांगली म्हणून, नाहीतर रोज सकाळी विस्तव मागणारीला कोण दारात उभी करील?) वर्तमानपत्र बंद. ते हे पानवाल्याकडे उभ्याने वाचायचे, तोही शहाणा, पानं उलटी लावून ठेवायचा. रविवारचं बांगड्याचं कालवण बंद, त्याच्याऐवजी सुकट. तीही दोन रविवारांनी नुसती डब्यातून काढून हुंगायची आणि परत ठेवायची वेळ आली. न्हावी बंद. ह्यांनी माझ्या शिवणाच्या कात्रीने स्वतःचे केस कापले, नि तसे डोक्याला टोपी घालून महिनाभर वावरले. एकदा जेवताना हे म्हणाले, "पोरंबाळं नाहीत ते एक बरं. केवढा खर्च वाचला." (मी ताक वाढत होते. वाढलं.)

आता मामंजींचं सांगते, कारण हे पत्र त्यांच्यासाठीच आहे. तू त्यांना आमच्या लग्नात पाहिलंस तेवढंच. उभा जन्म गिरणीच्या साचाखात्यात, मागावर कापड विणण्यात गेला, कानाने कमी ऐकू येतं, बोलणं अजून आपल्या मालवणचंच. आम्ही राहतो ती खोली त्यांच्या नावावर आहे, भाड्याची पावती त्यांच्याच नावाने फाटते. फंडाचे पैसे मिळाले ते ह्यांच्या आणि माझ्या लग्नात गेले. त्यांना जगात दोनच गोष्टी लागत, तंबाखूची चंची आणि संध्याकाळी इराण्याकडचा एक कप चहा. तोही बशीत ओतून, अर्धा गंगाधरला. गंगाधर म्हणजे चंपाचा नवरा, गोदीत हमाल. दोघं इराण्याकडे बसून गावच्या गोष्टी करत. दोन्ही गोष्टी अनावश्यकात गेल्या. मामंजींनी चंची उलटी करून झटकली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. "भांडी पुसूक घे," म्हणाले.

मग जानेवारीतले ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून रेडिओवर सांगितलं आणि परळ-लालबाग पेटलं. तू वाचलं असशीलच. दगड, जळत्या ट्रामी, संचारबंदी, गोळ्या. आम्ही दार लावून आत. आणि दादा, खोटं कशाला सांगू, ह्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी समाधान होतं. बाजार बंद, ट्राम बंद, पाहुणा नाही, खर्च नाही! "बघ, सगळी मुंबईच काटकसर करतेय," असं हे म्हणाले. त्याच दुपारी गंगाधर खाली उतरला. चंपाच्या घरात पीठ संपलं होतं आणि कुणीतरी सांगितलं की मागच्या गल्लीतलं दुकान अर्धी फळी उघडून देतंय. तो ना घोषणा द्यायला गेला ना दगड मारायला. पीठ आणायला गेला. पिशवीसकट त्याला चौघांनी उचलून आणलं. पिशवी रिकामीच होती. दुकान उघडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने पळी घेऊन दारात गेले. चंपाची शेगडी गार. चंपा तिच्याकडे बघत बसली होती. मी परत आले आणि दुकानं उघडली त्या दिवशी न विचारता आगपेटी विकत आणली. ह्यांनी त्या पैशाचा हिशेब मागितला नाही. तेवढं कबूल करायला हवं.

चाळीने चंपासाठी वर्गणी काढली. ज्याला जसं जमेल तसं. आमच्या दारात मंडळी आली तेव्हा हे म्हणाले, पगाराला बघू. (मंडळींनी मान डोलावली. चाळीतली माणसं मान डोलावतात तेव्हा सगळं लक्षात ठेवतात.) संध्याकाळी कळलं की मामंजींनी कमरेचा चांदीचा करगोटा काढून चंपाच्या हातात ठेवला. त्यांच्या आईने घातलेला. एवढी वर्षं गिरणीच्या घामात काळा पडला होता, पण चांदी ती चांदी. ह्यांच्या मनात तो अडीअडचणीला ठेवलेला होता हे मला माहीत होतं, मामंजींना नव्हतं. जेवायला बसलो आणि हे पेटले. नोकरी आज आहे उद्या नाही, आणि घरातली चांदी वाटत सुटलाय! मामंजींना पुरतं ऐकू येईना, ते "काय? काय म्हणतंस?" करत राहिले, म्हणून ह्यांना तेच ओरडून सांगावं लागलं. आणि ओरडताना माणूस जास्तच बोलतो. "कमवत नाही तो माणूस घरात खर्चच असतो, बापू!" हे असं ओरडले. तेवढं नेमकं ऐकू आलं.

मामंजींनी घास ताटात परत ठेवला. भात होता तसा नीट गोळा केला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "सकाळी पेज कर ह्याची. फुकट जाऊक नको."

पुढे काही दिवस ते कमी कमी जेवत गेले. मी वाढत राहिले, ते सरकवत राहिले. मग एका सकाळी धोतर बदललं, काठी घेतली, मैदानात बसून येतो म्हणाले आणि गेले. दुपारी आले नाहीत. संध्याकाळी आले नाहीत. हे पाळीवरून आले, टोपीसुद्धा न काढता परत फिरले. परळच्या इस्पितळात गेले, पोलीस चौकीत गेले. रे रोडला मामंजींचा जुना सोबती लाकडाच्या वखारीवर राखणदार आहे, तिथे गेले. शीवला आमचे लांबचे चुलते राहतात, तिथेही गेले. सगळीकडे चालत. परत आले ते टॅक्सीतून. दादा, आमच्या चाळीच्या दारात आमच्यासाठी टॅक्सी कधी थांबली नव्हती. माणसं गॅलरीत आली, त्यांना वाटलं की आणखी कुणाला तरी आणलं. हे उतरले, खिशातून निघाले ते सगळे पैसे टॅक्सीवाल्याच्या हातात ओतले आणि पायरीवर बसले. मी विचारलं, "सापडले?" हे म्हणाले, "मी तसा बोलूक नको होता." चाळीत वाढलेले असूनही मालवणीत म्हणाले. तेवढ्यावरून मी ओळखलं की माणूस पार मोडलाय.

सापडले ते दुसऱ्या दिवशी, कोर्टात. मैदानावरून त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहींची तुकडी निघाली होती. मामंजी तिथे बसले होते. त्यांनी एका कार्यकर्त्याला विचारलं (हे त्यांनी मला नंतर सांगितलं), "तुरुंगात जेवण देतत?" तो हसून म्हणाला, देतात की आजोबा. "दोन्ही वेळचा?" दोन्ही वेळचं. "घरच्यांक पैसे भरूक लागत नायत?" नाही. मामंजी उठले आणि तुकडीत उभे राहिले. त्यांच्या गळ्यात हार पडला, कपाळाला गुलाल लागला. जमावबंदी मोडायची म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. पुढचे थांबले तिथे तेही थांबले, पुढचे गाडीत चढले तसे तेही चढले.

मॅजिस्ट्रेटने वय बघून दंड भरा नि घरी जा म्हटलं. मामंजींनी हात जोडले. "साहेबानू, दंड परवडाचो नाय. आमच्या घरात नव्या वर्सापासून सगळा बंद आसा." मागे बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत लालबागेत बातमी पोचली की आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्याने भर कोर्टात सरकारला सुनावलं, तुमचा दंड-बिंड सगळा बंद! हे कोर्टाच्या दारात दंडाचे पैसे मुठीत घेऊन उभे होते. भरायला पुढे झाले तर तुकडीतल्या पोरांनी अडवलं. "सीतारामभाऊ, बापाच्या त्यागावर पाणी ओतू नका!" काय सांगणार? पैसे मुठीत तसेच घेऊन घरी आले.

मी तुरुंगात भेटायला गेले होते. मामंजी जाळीपलीकडे बसले होते, चेहरा भरलेला. म्हणाले, बरं आहे, पंगतीला बसतो, शेजारी माणसं असतात, भाकरी सरकवली तर बाजूचा परत ताटात टाकतो. मग आवाज खाली आणून विचारलं, "घरात किती वाचला गो?" मी म्हटलं, पुष्कळ. त्यांना फार बरं वाटलं.

सुटून आले तेव्हा चाळीने लेझीम काढलं, खुर्ची आणून बसवलं, फोटो काढला. सगळ्या चाळीला चहा आमच्याकडून. साखरेचा. हे स्वतः किटली घेऊन मजले चढले-उतरले. लोक ह्यांचीही पाठ थोपटत होते, बापासारखा बेटा म्हणून, आणि ह्यांची मान एकेका थापेने खाली जात होती. गर्दी गेल्यावर ह्यांनी खिशातून तंबाखूची नवी पुडी काढून मामंजींच्या पुढ्यात ठेवली. मामंजींनी ती उलटसुलट पाहिली. "नको," म्हणाले. "सुटली माझी." हे पुडी उचलेनात आणि मामंजी घेईनात. शेवटी मीच उचलून फळीवर ठेवली. तिथेच आहे.

गेल्या आठवड्यात गिरणीत कपातीची यादी लागली. ह्यांचं नाव नाही. पाळी बदलली, नोकरी राहिली. मला वाटलं, आता घरात उजेड येईल. पण हे अजून दिवा मालवतात, मग ओशाळून परत लावतात, आणि थोड्या वेळाने विसरून परत मालवतात. मामंजी माठातलं पाणी घेतानाही विचारतात, "घेऊ काय?" जेवून झालं की आपलं ताट आपण घासून उपडं घालतात आणि दाराशी जाऊन बसतात, पाहुणे आल्यासारखे. हे त्यांच्याशी बोलायला जातात, पण ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलावं लागतं, आणि मोठ्याने बोलायची आता ह्यांना भीती वाटते. तीन माणसांच्या घरात सगळ्यात मोठा आवाज पळीचा. चंपा गावी गेली. मुलाबाळांसकट गेली.

असो. तुझ्या गुडघ्याला वहिनींना निरगुडीचा पाला बांधायला सांग. लोभ आहेच, तो असू दे. त्याला खर्च नाही.

तुझी
कौसल्या

ता.क. मूळ काम राहिलंच. मामंजींना तुझ्याकडे बोलावून घे. मी सांगितलं असं लिहू नकोस. काजूच्या राखणीला भरवशाचं माणूस हवं आहे, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही, तुम्ही आलात तर उपकार होतील, असं लिही. उपकार हा शब्द मोठ्या अक्षरात. कुठेतरी आपली गरज आहे असं त्यांना वाटलं की ते जेवतील. मी ते पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवीन.

दुसरं ता.क. पावसाळ्याआधी बोटी बंद होतात, म्हणून उशीर नको. म्हाताऱ्या माणसाला भाऊच्या धक्क्यावरून एकटं कसं चढवायचं, ऐकू येत नाही, उतरायचं बंदर चुकेल. सोबत मी येते. हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही. राखणीला दोन माणसं लागतील असं लिहिलंस तर बरं. परत कधी धाडायचं ते मात्र काही लिहू नकोस.