माटोळीचं झुंबर

६ ऑक्टोबर, रविवार
यशोदा चोपड्याला माहेरी गेली त्याला पंधरवडा झाला. जाताना दारात म्हणाली, "ह्या घरांत काळोख आसा. म्हाका आनी जायना." खरं आहे. डिचोलीतल्या या फ्लॅटच्या हॉलमध्ये एकच ट्यूब, तीही लुकलुकते. आता सहन होत नाही, असं बायको स्पष्ट सांगते हे बरं. उपाय सोपा आहे: हॉलमध्ये झुंबर. दिवाळीपूर्वी ती परत. शिलाईचं मशीन इथेच आहे, म्हणजे येणारच.

७ ऑक्टोबर
बाजारात झुंबरं पाहिली. किंमत ऐकल्यावर दुकानदाराला म्हटलं, मी फक्त डिझाइन बघायला आलोय. घरीच करणार. शिरगावची खाण बंद पडली, नोकरी गेली, तेव्हापासून माझ्यातल्या कलाकाराला मोकळीक मिळाली आहे. हे कोणी लक्षातच घेत नाही.

९ ऑक्टोबर, सकाळ
सांगाडा मिळाला! माळ्यावर आमची चवथीची माटोळी होती, कापडात गुंडाळलेली. गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगायची ही लाकडी चौकट, नंतर वर्षभर नुसती पडून. छताला तिचे हुक आहेतच. करवंट्या टांगायच्या, त्यांत बल्ब. खर्च जवळजवळ नाही. डोकं लागतं फक्त.

त्याच दिवशी, दुपार
करवंट्यांसाठी नारळ फोडले. खोबरं वाया कसं घालवायचं? खाल्लं. पोट बिघडलं. मेहुणा बाबली याने वाळपईच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे माझ्यासाठी क्लार्कच्या जागेचं बोलून ठेवलंय, आज भेटायचं होतं. पोटामुळे राहिलं. नाहीतर गेलोच असतो.

१२ ऑक्टोबर
वायरिंग पूर्ण. स्विच दाबला. जळका वास, मग अख्ख्या बिल्डिंगची लाईट गेली. लोक जिन्यात येऊन माझं नाव घेत होते. बिल्डिंगचं वायरिंगच हलकं, त्याला मी काय करणार.

१३ ऑक्टोबर
आमची ट्यूबही आता लागत नाही. तात्पुरतं आहे.

१५ ऑक्टोबर
शेजारच्या शेवंतीकाकी विरजण मागायला आल्या. वर बघून म्हणाल्या, चवथ जाऊन महिना उलटला, तुमची माटोळी अजून तशीच? झुंबर आहे म्हटलं. रिकामी माटोळी बघून जीव कसातरीच होतो, म्हणाल्या आणि विरजण न घेताच गेल्या. जुन्या लोकांना मॉडर्न डिझाइन समजत नाही.

१८ ऑक्टोबर
यशोदाला फोन केला. झुंबराचं सगळं सविस्तर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, वाळपईला गेला होता का? झुंबर झालं की लगेच जातो म्हटलं. मग पलीकडून आवाजच नाही. नेटवर्क.
नंतर मशीनवरचं कापड उगाच झटकून पुन्हा घातलं. घर फार गप्प झालंय. तिच्याशिवाय करमत नाही, हे फोनवर सांगायचं राहून गेलं.

२२ ऑक्टोबर
वाळपईची जागा भरली, असं बाबली म्हणाला. चांगलंच झालं. तिथे माझं मन रमलं नसतं.

२५ ऑक्टोबर
सगळी वायर नवी घातली. बल्ब लागले! इमारत शाबूत.

२६ ऑक्टोबर, शनिवार
उद्या यशोदा येतेय! बाबली पिकअप घेऊन सोडायला येणार. पिकअप म्हणजे माहेरहून सामान बरंच देताहेत. हॉल झाडला. करवंट्यांना तेल लावून चमकवलं.

२७ ऑक्टोबर, रविवार
आली. बाबलीने आत येताच मशीनला हात घातला. चोपड्याला दिवाळीची शिलाई पुष्कळ आली आहे म्हणे. मी म्हटलं, थांबा, आधी हे बघा, आणि स्विच दाबला. सगळे बल्ब पेटले. एकही चुकला नाही.
माटोळी बघून यशोदाचे हात सवयीने जोडले गेले. मग तिने खाली पाहिलं, हात सोडले.
"माटोळी बरी बांदल्या," म्हणाली. "पूण सकयल बसतलो कोण?"
खाली बसायला मी आहे की, म्हटलं.
"तुमी बसूनच आसात."
रागाने बोलली असती तर बरं वाटलं असतं. मशीन जिन्यावरून उतरवायला मीच एका बाजूने हात लावला. जपून धर, भिंतीला लागेल, एवढंच बाबलीला सांगितलं. तिला थांब म्हणायचं होतं.
मशीन होतं तिथली फरशी तेवढी स्वच्छ राहिली आहे. एवढ्या उजेडात ती फारच दिसते. झुंबर बंद केलं.